पराभवाची पूजा

फुटबॉलच्या खेळात आपला देश हरतो, ही गोष्ट आता बातमी म्हणून सांगण्याच्या योग्यतेची राहिलेली नाही. परंतु हरणाऱ्या संघाच्या पाठीशी जे लोक वर्षानुवर्षे उभे राहतात, त्यांनी कसे वागावे याविषयी जो उपदेश चोहोकडून कानी पडतो, त्याचा समाचार घेणे मात्र अवश्य झाले आहे. उपदेश करणारे सज्जन म्हणतात की, निष्ठा म्हणून जी काही वस्तू आहे ती निष्काम असली पाहिजे. संघ जिंको वा हरो, खऱ्या चाहत्याने तिकीट काढावे, टाळी वाजवावी, आणि पराभव झाल्यास अवाक्षर न काढता घरी जावे. जो कुरकुर करतो तो चाहता नव्हे, तो केवळ यशाचा भाट. ऐकावयास हे फार गोड लागते. गीतेची छाया पडल्यावाचून आपल्याकडे कोणताही उपदेश पुरा होत नाही, तशी ती यावरही पडलेली आहे. आमचे मत असे की, हा उपदेश खोटा आहे. आणि ज्यांच्या सोयीसाठी तो चालतो, ती माणसे मैदानावर कधीच उतरत नाहीत.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड म्हणून एक डोंगरी ठिकाण आहे. नवेगावबांधचा तलाव पाहावयास येणाऱ्यांपैकी पुष्कळांस ते ठाऊक असेल. जुन्या गडाचे अवशेष, महादेवाचे देवस्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा ही तिन्ही तेथे जवळजवळ असल्यामुळे दोन्ही धर्मांचे लोक तेथे येतात, आणि महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. हा मुलूख धानाचा. ज्याचे धान साधले तो डोंगर चढतो, आणि ज्याचे बुडाले तोही चढतो. निष्काम निष्ठेचे वकील नेमके असेच उदाहरण पुढे करितात. ते म्हणतात, हा यात्रेकरू महादेवाकडे कधी हिशेब मागतो काय? मग तुम्ही अकरा पोरांकडे का मागता?

उदाहरण सुंदर आहे, पण गैरलागू आहे. प्रतापगडच्या महादेवाची निवड मतांनी झालेली नाही व त्याच्या अधिकाराची मुदत संपत नाही. आपल्या यात्रेचे प्रक्षेपण दाखविण्याचे हक्क त्याने कोणा कंपनीस पंधरा वर्षांच्या कराराने दिलेले नाहीत. फुटबॉलचा संघ ही देवता नसून एक संस्था चालविते ती वस्तू आहे. आणि संस्था म्हटली की घटना आली, निवडणूक आली, जमाखर्च आला. देवाच्या अंगणातील शिष्टाचार या संस्थेच्या कचेरीस लागू करणे म्हणजे कारकुनास गाभाऱ्यात बसविण्यासारखे आहे. शिवाय भक्त देवास जाब विचारीत नाही, हे तरी कोणी सांगितले? निदान मराठी मुलखात तरी कोणी सांगू नये. नामदेव, जनाबाई, तुकोबा यांनी आपल्या विठ्ठलाशी जी भांडणे मांडली, त्याला जे खडे बोल सुनावले, ते वाचून परमुलखातील सोवळ्या भाविकाने कानांवर हात ठेवावेत. तरी त्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे धाडस आजवर कोणास झालेले नाही. तेव्हा मुकाट्याने सोसणे हीच भक्ती, हा सिद्धान्त आमच्या परंपरेतील नव्हे. तो कोठून आला असेल ते पुढे दिसेलच.

प्रथम पराभवाविषयी दोन शब्द. कारण आम्हांस पराभव सोसवत नाहीत असा आमच्यावर आरोप आहे. ३१ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकात, इल्फर्ड येथे भारताने फ्रान्सशी सामना दिला. स्वातंत्र्यास अद्याप वर्ष पुरे झाले नव्हते. आपले बहुतेक गडी अनवाणी होते. दोन पेनल्टी वाया गेल्या, सारंगपाणी रामन याने एक गोल केला, आणि सामना संपता संपता फ्रान्सने दुसरा गोल मारून २–१ असा विजय मिळविला. या पराभवाबद्दल कोणी त्या अकरा जणांस दूषण दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उलट पाऊणशे वर्षे लोटली तरी त्या सामन्याची कथा लोक अभिमानाने सांगतात. म्हणजे पराभव सोसण्याचे सामर्थ्य आमच्यात मुबलक आहे. मैदानावर जीव ओतून झालेला पराभव आणि कचेरीत आधीच लिहून ठेवलेला पराभव यांतला भेद आम्ही ओळखतो, इतकेच.

कचेरीतील पराभवाचा पहिला नमुना दोनच वर्षांत पाहावयास मिळाला. १९५० साली ब्राझीलमधील विश्वचषक स्पर्धेत भारतास जागा मिळाली होती. महासंघाने संघ पाठविला नाही. अनवाणी खेळण्यास बंदी झाली म्हणून आपण गेलो नाही, ही दंतकथा घरोघर सांगितली जाते, व ती रम्य असल्यामुळे मरतही नाही. तेव्हाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे निराळेच सांगितले: त्या काळी आमच्या लेखी ऑलिंपिक हेच सर्वस्व होते, विश्वचषकाची मातब्बरी कोणास ठाऊकच नव्हती. जी संधी कागदावर सही करून गमावली, तिचा दोष खेळाडूंच्या पायांवर ढकलणारी ही दंतकथा आम्हांस पुढील सर्व इतिहासाची प्रस्तावना वाटते.

मधली वीस वर्षे मात्र अशी गेली की, आजच्या मुलास ती सांगितल्यास तो आपणांस थापाड्या ठरवील. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत इराणला हरवून सुवर्णपदक. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकात ऑस्ट्रेलियावर ४–२ असा विजय आणि उपांत्य फेरी; त्या सामन्यात तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा हा गोमंतकात जन्मलेला व मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारा गडी. १९६० साली रोमला त्याच फ्रान्सशी बरोबरी. १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियास २–१ असे नमवून पुन्हा सुवर्ण. या साऱ्यामागे हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम होते. जकार्ताच्या वेळी कर्करोगाने ते पोखरले होते आणि पुढल्याच वर्षी वारले. गरीब देश, अन्न अपुरे, शरीरयष्टी लहान, क्रिकेटने सारे खाल्ले, अशी जी कारणे आज सांगितली जातात, ती सारी १९६२ साली आजच्यापेक्षा कमी नव्हती. क्रिकेट सोडल्यास अधिकच होती. १९६४ साली आशिया चषकात दुसरा क्रमांक, १९७० साली बँकॉकला कांस्यपदक, आणि त्यानंतर उतरण. ऑलिंपिकात तर आपला फुटबॉल संघ १९६० नंतर एकदाही पोचलेला नाही.

आता उतरणीच्या तळाशी काय आहे ते पाहा. २०२४ च्या जानेवारीत कतार येथे आशिया चषक झाला. भारत तिन्ही सामने हरला आणि तिन्ही सामन्यांत मिळून एकही गोल करू शकला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीस अफगाणिस्तानने आपणांस २–१ असे हरविले; ज्या देशात सुखाने चेंडू खेळणेही दुर्घट, त्याने! सुनील छेत्रीचा तो एकशेपन्नासावा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि आपला एकुलता गोलही त्यानेच केला. जूनमध्ये तो निवृत्त झाला. त्या सबंध वर्षात भारताने अकरा सामने खेळले व एकही जिंकला नाही. मग २०२५ च्या मार्चात काय घडले? चाळिशीस टेकलेल्या त्याच छेत्रीस निवृत्तीतून परत बोलाविण्यात आले! एकशेचाळीस कोटींच्या देशात गोल मारणारा दुसरा माणूस तयार झाला नाही, याची याहून जाहीर कबुली ती काय असावी? आणि इतके करूनही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगाव येथे, आपल्याच मैदानावर, पहिला गोल आपण केला असता सिंगापूरने २–१ असा पाडाव केला आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. महिन्याभरात ढाक्यास बांगलादेशाकडून हार झाली. बावीस वर्षांत प्रथमच. त्या नोव्हेंबरात जागतिक क्रमवारीत आपला क्रमांक १४२ होता.

ही जंत्री सोसलेला मनुष्य मडगावच्या रात्री चार कडवट शब्द बोलला, तर त्यास निष्ठाशून्य म्हणावयाचे काय?

येथे आम्हां गोंदियाकरांस थोडे अवघड बोलणे प्राप्त आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद २००९ पासून २०२२ पर्यंत ज्यांच्याकडे होते ते श्री. प्रफुल्ल पटेल आमच्याच गोंदियाचे. आपल्या गावचा माणूस देशाच्या खेळाच्या शिखरावर बसला याचा आनंद येथे पुष्कळांस झाला, आणि तो स्वाभाविक होता. त्यांच्या कारकिर्दीत काहीच घडले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा २०१७ साली भारतात झाली, तिचे सामने नवी मुंबईस झाले. जागतिक क्रमवारीत २०१५ साली १७३ पर्यंत घसरलेला संघ २०१७ साली ९६ पर्यंत चढला. २०१९ साली ते स्वतः जागतिक महासंघाच्या परिषदेवर निवडून गेले. हे सारे मान्य. परंतु त्यांची तिसरी मुदत २०२० च्या डिसेंबरात संपली आणि निवडणूक झाली नाही. घटनेचा वाद २०१७ पासून न्यायालयात पडून आहे, हे कारण सांगण्यात आले. अखेर २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती समिती दूर करून निवृत्त न्यायमूर्ती अनिल दवे यांच्या प्रमुखत्वाखाली तीन प्रशासक नेमले. ऑगस्टात जागतिक महासंघाने बाह्य हस्तक्षेपाच्या कारणाने भारतास निलंबित केले. निलंबन दहा-अकरा दिवसांत उठले खरे. पण तेवढ्यात गोकुलम केरळ या संघाच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला जाऊन पोचल्या होत्या, त्यांस न खेळता परतावे लागले. त्या मुलींचा पराभव कोणत्या गोलरक्षकाने पत्करला?

बरे, दोष एकाच व्यक्तीचा म्हणावा तर तसेही नाही. २०२२ च्या सप्टेंबरात श्री. कल्याण चौबे हे माजी गोलरक्षक ३३ विरुद्ध १ मतांनी अध्यक्ष झाले. चेंडू हाताळलेला मनुष्य खुर्चीवर आला म्हणून आशा वाटली. वर जी जंत्री दिली आहे ती त्यांच्याच कारकिर्दीतील आहे. २०१० साली महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी सातशे कोटी रुपयांस दिले होते. तो करार २०२५ साली संपणार हे पहिल्या दिवसापासून लिहिलेले असता, संपण्याची वेळ आली तेव्हा पुढची व्यवस्था तयार नव्हती, आणि देशातील मुख्य साखळी स्पर्धा ठरल्या वेळी सुरू होऊ शकली नाही. पंधरा वर्षे अगोदर कळविलेली तारीख ज्यांस अचानक गाठते, त्यांनी प्रेक्षकांस सबुरीचे धडे द्यावेत, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

प्रेक्षकच येत नाहीत, मग खेळ कसा वाढेल, हा या मंडळींचा आवडता प्रश्न. त्याचे उत्तर २०१८ साली मुंबईने देऊन ठेविले आहे. त्या वर्षी १ जून रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईचा ५–० असा फडशा पाडला. छेत्रीने तीन गोल केले. आणि पाहावयास माणसे होती अवघी २,५६९. दुसऱ्या दिवशी त्याने लोकांस एक जाहीर विनंती केली. तिचा आशय असा: आम्हांस नावे ठेवा, ओरडा, हव्या तर शिव्याही द्या, पण मैदानावर येऊन द्या. ४ जूनला केनियाशी सामना होता. मुंबईत पाऊस कोसळत होता, आणि मैदान भरून गेले होते. छेत्रीचा तो शंभरावा सामना. भारताने तो ३–० असा जिंकला. आम्ही या प्रसंगाकडे सर्वांनी मानला त्याहून निराळा अर्थ काढतो. लोक न येण्याचे कारण त्यांच्या अंगी निष्ठा नव्हती हे असते, तर तीन दिवसांत ती कोठून आली? त्यांस आजवर कोणी बोलाविले नव्हते, इतकेच. बोलावणे गेले ते कचेरीतून नव्हे, घामाने भिजलेल्या एका खेळाडूकडून. आणि त्या खेळाडूने चाहत्यास जो अधिकार आपण होऊन दिला, तोच टीकेचा अधिकार उपदेशक आज काढून घेऊ पाहतात.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर येथील चाहत्यास हरणारा संघ लाभणे हीदेखील चैन आहे. पुष्कळदा संघच नाहीसा होतो. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा २००५–०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० साली तो बंद झाला. पुण्यात पुणे एफ. सी., भारत एफ. सी. व पुणे सिटी असे संघ एकापाठोपाठ निघाले आणि २०१९ पर्यंत सारे मिटले. पुणे सिटीची जागा हैदराबादकडे गेली. ज्याने पाच वर्षे नारिंगी सदरा घालून बालेवाडीच्या मैदानाच्या खेपा घातल्या, त्याने हैदराबादचा जयजयकार करावा अशी अपेक्षा होती की काय, कोण जाणे. १८९१ पासून मुंबईत चाललेली रोव्हर्स करंडक स्पर्धाही अशीच, शोकसभेवाचून, या शतकाच्या आरंभी बंद पडली.

याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. तेथे फुटबॉल पेठांचा आहे, तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात तेव्हा सबंध पेठ तेथे लोटते. हाणामाऱ्याही होतात, त्यांचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु तेथे हरलेल्या संघाचा चाहता दुसऱ्या दिवशी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन विचारू शकतो की, अमक्यास का खेळविले नाहीस? आणि त्यास उत्तर मिळते. कधी शिवीच्या रूपाने मिळते, पण मिळते. म्हणून त्या पेठेची निष्ठा पराभवाने आटत नाही. सतरा वर्षांखालील भारतीय संघात २०१७ साली खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. विचारणारा व उत्तर देणारा यांच्यामध्ये जितके अंतर कमी, तितकी निष्ठा टिकाऊ. दिल्लीच्या फुटबॉल भवनाचा कट्टा मात्र कोणास सापडत नाही.

निष्ठा धरून बसले म्हणजे एक ना एक दिवस फळ येतेच, असे सांगणारे आमच्याकडे विदर्भाच्या क्रिकेटचा दाखला देतात. विदर्भ रणजी करंडकात १९५७–५८ पासून खेळू लागला आणि त्याने पहिले विजेतेपद मिळविले ते १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूर येथे, दिल्लीस नऊ गडी राखून हरवून. साठ वर्षे! त्या साठ वर्षांत विदर्भाच्या धावसंख्येवर मुंबईकरांनी केलेले विनोद आम्ही निमूटपणे ऐकले आहेत. परंतु ते फळ निष्ठेच्या झाडास लागले नाही. नागपुरास निवासी अकादमी निघाली, गावोगावची मुले लहानपणी हेरली गेली, चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक आला, वसीम जाफर मुंबईहून आला आणि नवख्या पोरांमध्ये बसून त्यांस फलंदाजी शिकवू लागला. पहिले विजेतेपद आले, दुसऱ्या वर्षी पुन्हा आले, आणि २०२४–२५ साली तिसऱ्यांदा आले. हे सर्व ज्यांनी केले त्यांनी पराभवाची पूजा सोडून दिली होती. फैज फजल वर्षानुवर्षे विदर्भाकडून खेळला, ही निष्ठा खरी. पण ती अकादमीच्या जोडीने फळली. एकटी राहिली असती तर त्याचा एक हृद्य सत्कार झाला असता, आणि शाल-श्रीफळ.

या वादात एक तिसराही वर्ग आहे. तो मध्यरात्री मँचेस्टर, माद्रिद येथील सामने पाहतो, तेथील खेळाडूंच्या दुखापतींनी व्याकूळ होतो, आणि भारतीय संघाचे नाव काढताच हसतो. त्याच्याशी आमचे भांडण नाही. उत्तम खेळ पाहण्याचा हक्क सर्वांस आहे. त्याने इतकेच ध्यानात घ्यावे की, तेथील साध्या प्रेक्षकाने २०२१ च्या एप्रिलात, बड्या बारा संघांनी स्वतंत्र साखळीचा घाट घातला तेव्हा, रस्त्यावर उतरून दोन दिवसांत तो बेत मोडून काढला. ज्यांच्या निष्ठेचे गोडवे तो गातो, ते लोक मुकाट्याने घरी जाणारे नव्हेत.

२०२७ चा आशिया चषक सौदी अरेबियात ठरला आहे आणि त्यात भारत नाही. पुढील स्पर्धेच्या पात्रतेचे सामने कधीतरी सुरू होतील, त्यांतील एखादा मुंबईस किंवा मडगावास होईल, आणि आम्ही तिकीट काढून जाऊ. न जाण्याचा विचारही आम्हांस शिवलेला नाही. जाताना हातात फलक असेल. त्यावर कोणा खेळाडूचे नाव असणार नाही. गेल्या वर्षी चौदा वर्षांखालील मुलांचे सामने देशातील किती जिल्ह्यांत झाले, त्यांवर किती रुपये खर्ची पडले, आणि त्यांत गोंदिया होते की नाही, एवढे तीन प्रश्न त्यावर लिहिलेले असतील.